यारी : सुरक्षित वापर

बांधकामावरील यारीची (क्रेनची) उचलक्षमता स्थिर नसते. भार जितका दूर, तितके यारी उलथविणारे परिबल अधिक, ४ मी. अंतरावरील ५ टन भाराइतके परिबल ८ मी. अंतरावर २·५ टन भारही निर्माण करतो. यारीवर रंगविलेला टनांचा आकडा म्हणूनच फसवा असतो. वरोरा परिसरातील काळी माती पावसात मऊ होते; तेथे आधारपायांखाली जाड लाकडी ठोकळे घालावे लागतात. दुपदरी दोराचे पदर क्षितिजाशी ३०° कोन करीत असल्यास प्रत्येक पदरावर संपूर्ण भाराइतका ताण येतो. टांगलेल्या भाराखाली कोणीही थांबू नये. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ (जि. ठाणे) समृद्धी महामार्गावरील पुलाच्या तुळया बसविणारी यारी रात्रीच्या कामात कोसळून २० जण मृत्यू पावले.