बिल मेल केलं, पुढे काय? १५ आणि ४५ दिवसांची आठवण मेल प्रोग्रॅममध्येच अशी लावा

नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचा क्रम साधारण ठरलेला असतो. माल गाडीत चढतो, चलनावर सही होते आणि बिलाची पीडीएफ खरेदीदार कंपनीच्या अकाउंट्स विभागाला मेल होते. तो मेल 'सेंट'मध्ये जाऊन पडतो आणि मालक पुढच्या ऑर्डरच्या मागे लागतो. पैसे आलेले नाहीत हे लक्षात येतं ते थेट पगाराच्या तारखेला. किंवा जीएसटी भरताना. कारण जीएसटी तर पैसे हातात आलेले नसले तरी भरावाच लागतो.

मग सुरू होतात फोन. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', 'पुढच्या आठवड्यात बघू'. फोनवरच्या या बोलण्याचा पुरावा राहत नाही, मेलचा राहतो. पण त्यासाठी पाठपुराव्याचा मेल योग्य दिवशी जायला हवा. तो दिवस कोणता हे कायद्यातच आहे, आणि तो लक्षात ठेवायचं काम कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅमला देता येतं.

आधी तारखा ठरवा

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पर्चेस ऑर्डरवर ६० किंवा ९० दिवस छापलेले असले तरी कायद्याची मर्यादा ४५ दिवसांचीच. लेखी काहीच ठरलेलं नसेल, तर १५ दिवस.

फारसं बोललं जात नाही असं एक कलम यात आहे. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायची असते. कळवली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे पहिल्या १५ दिवसांतलं खरेदीदाराचं मौन तुमच्या बाजूने मोजलं जातं.

उदाहरणार्थ, माल २ जूनला पोहोचला. तक्रारीची मुदत १७ जूनला संपते आणि ४५ वा दिवस १७ जुलैला येतो. तुम्हाला दोन आठवणी लागतात. पहिली १८ जूनची, 'मालाबद्दल आपली कोणतीही लेखी तक्रार आलेली नाही' असा साधा मेल पाठवण्यासाठी. दुसरी १० जुलैच्या आसपासची, म्हणजे मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची. मुदत उलटल्यावर आठवण करून देण्यापेक्षा हे बरं, कारण अकाउंट्स विभागालाही बिल पेमेंटच्या यादीत घ्यायला वेळ मिळतो.

आउटलुकमध्ये कसं करायचं?

जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये बिलाचा मेल लिहितानाच 'मेसेज' टॅबवर 'फॉलो अप'चा झेंडा दिसतो. त्यात 'ॲड रिमाइंडर' निवडा, तारीख-वेळ भरा आणि मग मेल पाठवा. पाठवतानाच हे करणं महत्त्वाचं. 'नंतर लावू' म्हटलेला झेंडा सहसा लागत नाही.

त्याच खिडकीत 'फ्लॅग फॉर मी' आणि 'फ्लॅग फॉर रेसिपियंट्स' असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडला तर झेंडा मेलसोबत समोरच्याकडेही जातो. वर्षानुवर्षं काम देणाऱ्या कंपनीच्या साहेबांच्या स्क्रीनवर आपली आठवण वाजवायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर नको.

एका मेलवर एकच आठवण लागते. त्यामुळे १८ जूनचं काम झालं की तोच झेंडा पुढे ढकलून १० जुलैचा करायचा. आणखी एक गोष्ट: उत्तर आलं की नाही हे झेंड्याला कळत नाही. पैसे जमा झाले तरी तो वाजणारच. त्यामुळे पैसे आले की लगेच 'मार्क कम्प्लीट' करा, नाहीतर काही दिवसांत सगळेच झेंडे न बघता बंद करायची सवय लागते.

बरीच वर्कशॉप्स जीमेल किंवा स्वतःच्या डोमेनचं खातं आउटलुकला 'आयमॅप' पद्धतीने जोडतात. अशा खात्यात झेंडा लागतो, पण त्याला तारीख देता येत नाही. अनेकांचा प्रयोग इथेच फसतो. उपाय सोपा आहे: पाठवलेला मेल माउसने ओढून कॅलेंडरच्या चिन्हावर सोडा. मेलचा मजकूर असलेली नवी नोंद उघडते, तिला तारीख आणि रिमाइंडर द्या. नव्या आउटलुकमध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर झेंडा लावलेले मेल 'टू डू' यादीत दिसतात आणि आठवण तिथे लावता येते.

थंडरबर्ड वापरत असाल तर

थंडरबर्ड फुकट आहे. त्यातल्या ताऱ्याला मात्र तारीख नसते. मेलवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू' आणि मग 'टास्क' निवडा, 'ड्यू डेट' आणि रिमाइंडर भरा. इथे एका मेलवरून दोन टास्कही करता येतात, त्यामुळे १८ जून आणि १० जुलै दोन्ही एकदाच लावून मोकळं होता येतं.

थंडरबर्ड असो वा क्लासिक आउटलुक, आठवण वाजायला प्रोग्रॅम उघडा असावा लागतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की तोही आपोआप सुरू होईल असं सेटिंग करून ठेवा.

आठवण वाजली, आता काय लिहायचं?

नवा मेल लिहू नका. बिल पाठवलेल्या मूळ मेललाच 'रिप्लाय ऑल' करा, म्हणजे बिल पाठवल्याची तारीख खाली दिसत राहते. उत्तरात जोडलेल्या फाइल सोबत जात नाहीत, त्यामुळे बिल आणि सही झालेलं चलन पुन्हा जोडा. विषयात बिल नंबर आणि देय तारीख हवी. मजकूर दोन-तीन ओळींचा पुरे, पण त्यात तुमचा उद्यम नोंदणी क्रमांक जरूर लिहा.

कारण १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीनुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. म्हणून मार्च महिन्यात अशा मेलला जरा जास्त वजन येतं. थकलेली सगळी बिलं एकत्र कळवण्यासाठी १५ मार्चची एक वेगळी आठवण लावायला हरकत नाही.

उद्यम नोंदणी पुरवठ्याआधीच करून ठेवलेली बरी. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना थकीत पैशांबाबतच्या या तरतुदींचा फायदा मिळत नाही.

४५ दिवस उलटूनही पैसे आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज मागता येतं. केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज केला की तो राज्यातल्या सुलभीकरण परिषदेकडे जातो. अर्जासोबत पर्चेस ऑर्डर आणि बिलं जोडावी लागतात. १८ जून आणि १० जुलैच्या मेलची पीडीएफही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.