फाइल कुणाच्या हातात आहे?
लेखमाला : रात्री चालणारी स्क्रिप्ट, भाग ७

मागच्या भागात ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली शोधून डिलीट करणारी बॅच फाइल आपण लिहिली. ती वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये रात्री दोनला लावली, की काही फाइली जागच्या हलत नाहीत. अकाउंट्सच्या टेबलावर एक्सेल उघडंच राहिलेलं असतं. स्क्रिप्ट मात्र सगळं उरकल्यासारखी संपते, कारण ‘डेल’ कमांड अपयशी ठरली तरी एररलेव्हल बहुधा शून्यच ठेवते. म्हणून डिलीटनंतर लगेच ‘इफ एक्झिस्ट’ लावून फाइल खरंच गेली का, हे बघायचं. ही ओळ नसलेली सफाईची स्क्रिप्ट मी कुणालाही वापरू देणार नाही.

विंडोजमध्ये प्रोग्रॅम फाइल उघडतानाच सांगून ठेवतो, की मी हिच्यावर काम करत असताना इतरांनी ती वाचली, बदलली किंवा डिलीट केली तर चालेल का. डिलीटची मुभा नसेल, तर विंडोज ३२ क्रमांकाची एरर देऊन नकार देते. आता जरा विचार करा. आपली स्क्रिप्ट शेवटच्या बदलाची तारीख बघते. वर्षभरापूर्वीचं दरपत्रक कुणी रोज नुसतं वाचत असेल, तर आपल्या हिशेबी ते जुनं, टाकाऊ. ते लॉक सापडलं, याचा अर्थ आपला ३० दिवसांचा नियमच तपासायला हवा. उलट नोटपॅड फाइल वाचून लगेच सोडून देतो. त्याच्यात समोर उघडी दिसणारी फाइलही बिनबोभाट डिलीट होते. लॉक नाही म्हणजे वापरात नाही, असं धरून चालू नका.

मग फाइल धरलीय कुणी? त्याच मशिनवर असेल तर सिसइंटर्नल्सचं ‘हँडल’ प्रोग्रॅमचं नाव सांगतं. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये मात्र सर्व्हरवर नुसतं ‘सिस्टिम’ दिसतं, आणि इथे बरेचजण अडकतात. तिथे पॉवरशेलची ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ चालवा. कोणत्या युजरने, कोणत्या कॉम्प्युटरवरून फाइल उघडलीय, ते कळतं.

‘टास्ककिल’ला ‘/एफ’ जोडून प्रोग्रॅम ठार करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. त्यात कुणाचं तरी सेव्ह न केलेलं काम जातं. ‘/एफ’ न लावता प्रोग्रॅमला बंद व्हायची विनंती जाते. तो सेव्ह करू का म्हणून विचारत थांबला, तर आपणही थांबायचं. एकेक मिनिटाच्या अंतराने तीनदा प्रयत्न पुरे. ‘टाइमआउट’ कमांड इनपुट वळवलेलं असेल तर चालत नाही, म्हणून १२७.०.०.१ ला ६१ पिंग टाकतात. साधारण ६० सेकंद जातात.

चालू असलेली ईएक्सई डिलीट होत नाही, पण सहसा तिचं नाव बदलता येतं. जुनीचं नाव बदलायचं, नवी तिच्या जागी ठेवायची. जुनी पुढच्या रीस्टार्टला काढण्याची नोंदही करता येते, त्यासाठी ॲडमिनचे अधिकार लागतात.

लिनक्सवर फाइल लगेच दिसेनाशी होते, पण प्रोग्रॅमने ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. ‘एलसॉफ’मध्ये अशा फाइलींपुढे ‘डिलीटेड’ असं लिहिलेलं दिसतं.

तीन प्रयत्नांनंतरही उरलेल्या फाइलींची नावं आणि त्या धरणाऱ्या युजरची नावं लॉगमध्ये लिहा आणि पुढच्या फाइलकडे वळा. सकाळी त्या टेबलावर जाऊन विचारलं, की ही फाइल ठेवायची की काढायची, हे दोन मिनिटांत कळतं.