जुन्या क्लासिक 350ला मागची डिस्क
रॉयल एनफिल्डच्या जुन्या क्लासिक 350ला मागे 153 मिमीचा ड्रम. नंतरच्या गाड्यांत 240 मिमीची डिस्क आली. ‘नुसतं चाक बदला, झालं काम’ म्हणणाऱ्या मेकॅनिकवर विसंबू नका. डिस्कच्या हबसोबत कॅलिपर धरणारा स्विंगआर्म, मास्टर सिलिंडर, होजपाइप, पेडल असं सगळंच त्या डिस्कवाल्या मॉडेलचं लागतं. जुन्या बाजारातून भाग आणलेत, तर डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून बघा. कॅलिपरचे सील मात्र नवेच टाका. आणि फरक? ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर झुकतं, त्यामुळे थांबण्याचं अंतर फारसं घटत नाही. उलट पाय जोरात पडला की मागचं चाक लॉक होण्याची धास्ती जास्त, आणि एवढ्या खटाटोपातून ते रोखणारं एबीएस काही मिळत नाही.