मोठे वाहन आणि सुरक्षितता : एक चिकित्सक विचार

नवी मुंबईतील पामबीच मार्गावर वा सायन-पनवेल महामार्गावर एसयूव्ही वर्गातील वाहने मोठ्या संख्येने दिसतात. उंच आसन, रुंद दर्शनी भाग, डोंगरवाटांची दृश्ये यांतून जाहिरात ग्राहकाच्या मनात सुरक्षिततेची भावना निर्माण करते.

या भावनेस भौतिकशास्त्राचा काही आधार निश्चितच आहे. दोन वाहनांच्या टकरीत जड वाहनाच्या वेगात कमी बदल होतो. त्यामुळे आतील व्यक्तींना बसणारा आघात घटतो. मात्र हलक्या वाहनातील प्रवाशांच्या वाट्याला तो अधिक येतो. जाहिरातीत हे प्रवासी कधीच नसतात. पादचाऱ्यास तर उंच बॉनेटचा मार पायांऐवजी धडावर बसतो.

आतील प्रवाशांचे संरक्षणही केवळ आकारावर अवलंबून नसते. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१६ साली महिंद्रा स्कॉर्पिओच्या एअरबॅगरहित आवृत्तीस शून्य तारे मिळाले, तर २०२० साली टाटा अल्ट्रोझ या हॅचबॅकला पाच. (ही तुलना जपूनच करावी, चाचणीतील अडथळा साधारणतः समान वजनाच्या वाहनाशी होणारी टक्कर दर्शवितो.) नव्या रचनेच्या स्कॉर्पिओ-एनने २०२२ साली पाच तारे मिळविले.

सीटबेल्टचा प्रश्न याहून साधा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांची एसयूव्ही पुलाच्या कठड्यावर आदळली. मागील आसनांवरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे मृत्युमुखी पडले. पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले.