फीड पंपाचे भोक बुजवू नका



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. टायर, हुकाची पिन, ब्रेक याकडे सर्वांचे लक्ष असते. डिझेल ठिबकत असेल तर मात्र "थेंबच तर आहे, चालतंय" म्हणून आपण सोडून देतो. या थेंबाचा हिशेब एकदा करावा. सेकंदाला एक थेंब पडतो आणि 30 थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरले, तर 10 तासांत 1 लिटर 200 मिलिलिटर डिझेल मातीत जाते. पण आज सांगायचे आहे ते सांडणाऱ्या डिझेलचे नव्हे. न सांडता दुसरीकडेच जाणाऱ्या डिझेलचे आहे, आणि ते फार महाग पडते.

एका सभासदाचा जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आमच्या गॅरेजात आला. तक्रार एवढीच, की ओढ कमी झाली आहे. फीड पंपाच्या अंगाला साबणाची वडी चोळून लिंपलेली दिसली. तेलाची गेजपट्टी ओढून पाहिली तर तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटे वर. मालक म्हणाले, "इंजिन लई चांगलं हाय साहेब, तेल खात नाही, उलट वाढतंय!" इंजिनातले तेल वाढत नसते. वाढले तर त्यात दुसरे काहीतरी शिरले असे समजावे. पट्टीला नाक लावले आणि उलगडा झाला.

टाकीतले डिझेल फिल्टरकडे व पुढे मोठ्या पंपाकडे ढकलण्याचे काम हा फीड पंप करतो. जुन्या, रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरवर तो बहुधा इंजिनच्या कुशीला दोन बोल्टांवर असतो. कॅमशाफ्टचा उंचवटा त्याचा दांडा हलवतो, दांडा आतला डायफ्राम, म्हणजे रबरी कापडाचा पडदा, खाली ओढतो आणि स्प्रिंग तो परत वर ढकलते. पडद्याच्या वर डिझेल, खाली इंजिनच्या तेलाची बाजू. वर्षानुवर्षे हलून पडदा कडक होतो, चिरतो. त्यासाठीच पुष्कळ पंपांना पडद्याखाली एक बारीक भोक ठेवलेले असते. पडदा फाटला की डिझेल त्यातून बाहेर ठिबकते व मालकाला कळते. आपण साबण, एम-सील नाहीतर सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून ते बुजवतो. मग डिझेल थांबत नाही, ते दांड्याकडेने खाली इंजिनच्या चेंबरात उतरते. तेल पातळ होते, बेअरिंगला आधार राहत नाही आणि भरल्या ट्रॉल्यांसह चढावर इंजिन जाम होते. शंभर रुपयांच्या घरातल्या चुकीसाठी क्रँकचे काम निघते आणि तोडलेला ऊस रस्त्यावर वाळतो तो वेगळाच.

म्हणून आधी गळती नेमकी कोठून आहे ते पाहावे. सगळा भाग डिझेलने धुऊन, पुसून कोरडा करावा व त्यावर खडूची पूड भुरभुरावी. इंजिन थोडे चालवले की जिथे पूड ओली होते तिथेच गळती. नोजलच्या पोलादी पाइपांवर बोट फिरवून गळती शोधू नये. तिथला दाब एवढा असतो की बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. तसे झाल्यास जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच वेळी दवाखाना गाठावा.

पाइपाच्या जोडाशी गळत असेल तर बहुधा वायसरचा दोष. तांब्याचा जुना वायसर लालबुंद तापवून थंड केला की मऊ होतो व पुन्हा बसतो, पण नवा घालावा हे बरे. अॅल्युमिनियमचा तापवू नये. गळतो म्हणून पाना लावून नुसते आवळत राहिले की आटे जातात, हे आम्ही रोज पाहतो.

भोकातून डिझेल येत असेल तर पडदा बदलावाच लागतो. टाकीचा कॉक बंद करा, पाइप सोडून तोंडे स्वच्छ फडक्याने बांधा, दोन बोल्ट काढून पंप उतरवा. वरचे झाकण व खालचे अंग यांवर कानशीने एक आडवी खूण करा, नाहीतर बसवताना पाइपांची तोंडे भलतीकडे येतात. स्क्रू काढून पडदा किंचित दाबून पाव फेरा फिरवला की बहुतेक पंपांत तो दांड्यातून सुटतो. नवा पडदा उलट क्रमाने. येथे एक मेख आहे. झाकणाचे स्क्रू आधी सैल लावावेत, दांडा पूर्ण दाबून धरावा आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत. तसे न केल्यास पडदा ताणलेला राहतो आणि महिन्याभरात पुन्हा फाटतो. पंप इंजिनवर चढवताना दांडा कॅमच्या ज्या बाजूला होता तिथेच बसला पाहिजे. हाताने न बसता बोल्टाने ओढून बसवला तर मोडतो.

नंतर फिल्टरचा स्क्रू सैल करून हातदांडीने एअर काढा. दांडी ढिली लागली तर पंप बिघडला असे नाही. कॅमचा उंचवटा वर आलेला असतो, इंजिन एक फेरा फिरवावे.

डिझेल शिरलेले तेल मात्र पूर्ण उतरवून, फिल्टरसह नवे टाकल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पंप दुरुस्त केला, तेल तेच ठेवले, असे करणारेही भेटतात. भोक उघडे, कोरडे असूनही तेल वाढत असेल तर दोष मोठ्या पंपाच्या सीलमध्ये किंवा नोजलमध्ये असू शकतो, आणि तेल दुधाळ दिसले तर रेडिएटरचे पाणी शिरले. ही कामे घरी करू नयेत. लांबट इनलाइन पंपाच्या ट्रॅक्टरला फीड पंप प्लंजरचा असतो, त्याला पडदा नसतो. अलीकडच्या कॉमन रेल ट्रॅक्टरला तर घरचा पाना लावूच नये.

नवे तेल टाकल्यावर पट्टीवरची पातळी कुठे आहे ते लिहून ठेवावे आणि पहिले चार-पाच दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, ती पाहावी.