घरसंसार आणि लेखणी

लिहावयाची हौस असलेलीं माणसें आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्रत्यक्ष लिहिणारीं फार थोडीं. कारण विचारलें म्हणजे उत्तर ठरलेलें असतें : "गुरुजी, घरांत निवांतपणा कसा तो नाहीं." माझे जुने विद्यार्थी, आतां कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी संसारांत बुडालेल्या गृहिणी, भेटावयास आले म्हणजे हेंच ऐकवितात. नदीकांठीं एकांतांतलें घर असावें, हातीं रिकामा वेळ असावा, म्हणजे प्रतिभा आपोआप धांवत येईल अशी त्यांची समजूत असते. आमच्या शेलूबाजारांत यांपैकीं कांहीं नाहीं. येथें आहे ती बाजारपेठ, सोयाबीन-तुरीच्या पोत्यांनीं भरलेल्या गाड्या, आणि अलीकडे समृद्धि महामार्गाकडे जाणाऱ्या मोटारींची घरघर. अशा गांवीं सरस्वती कशाला फिरकते, असें त्यांस वाटतें.

मौज ही कीं, सरस्वतीच्या मुलाचें लग्न झालें तें मात्र आमच्याच जिल्ह्यांत! राजशेखर कवीनें सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं 'काव्यमीमांसा' नांवाचा ग्रंथ रचिला. त्यांत काव्यपुरुषाची कथा आहे. काव्यपुरुष हा सरस्वतीचा पुत्र. एकदां ब्रह्मदेवाच्या सभेंत श्रुतीच्या अर्थावरून वाद पडला आणि निवाडा करण्यासाठीं सरस्वतीस बोलावणें आलें. मुलगा मागें लागला. आईनें त्यास परत धाडलें. तो रुसून घराबाहेर पडला. त्याचा सोबती कार्तिकेय. तो रडूं लागला. तेव्हां गौरीनें विचार केला कीं, प्रेमासारखें दुसरें बंधन नाहीं, आणि त्या रुसलेल्या मुलास बांधून आणण्यासाठीं तिनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशीं हिंडली. ज्या प्रांतांत जावें तेथील वेष तिनें करावा, तेथील रीतीनें बोलावें. पण स्वारी कांहीं लवकर वश होईना. अखेर विदर्भांत ती पुरती वश झाली आणि वत्सगुल्म नगरीं दोघांचा विवाह झाला. हें वत्सगुल्म म्हणजे आपलें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि त्या घराण्यांतील सर्वसेन राजानें स्वतः प्राकृतांत 'हरिविजय' नांवाचें काव्य लिहिलें होतें. तें आज उपलब्ध नाहीं, इतर ग्रंथकारांनीं घेतलेल्या उताऱ्यांवरूनच त्याची ओळख पटते.

वाचकांनीं ही कथा जरा निरखून पाहावी. तींत देव आहेत, ऋषि आहेत, देशोदेशींचे वेष आहेत. पण ती पुढें सरकते कशानें? आई कामासाठीं बाहेर निघाली, पोर मागें लागलें, रागावून निघून गेलें, सोबत्यानें भोकाड पसरलें, सोबत्याच्या आईनें युक्ति काढली. हा कोणत्याही आळींतला प्रसंग आहे. राजशेखरासारख्या राजदरबारांत वावरणाऱ्या पंडितास काव्याचा जन्मवृत्तांत सांगतांना हेंच सुचलें, यांत मला तरी मोठा अर्थ दिसतो.

याहूनही जुना दाखला हाल सातवाहनाच्या नांवावर असलेल्या 'गाथासप्तशती'चा. महाराष्ट्री प्राकृतांतल्या त्या सातशें गाथांमध्यें शेतें आहेत, गोठे आहेत, सासवा-सुना आहेत. एका गाथेंत तर स्वयंपाक करतां करतां काजळीचा हात तोंडास लागलेली गृहिणी आहे. तो डाग पाहून नवरा हंसतो आणि तिचें मुख आतां चंद्रासारखें झालें म्हणतो. घडलेलें एवढेंच. रोज घडणारें. तें कोणीतरी पाहिलें व दोन ओळींत बसविलें, म्हणून सुमारें दोन हजार वर्षें टिकलें.

'पाहिलें' हा शब्द मीं मुद्दाम वापरला. मीं इतकीं वर्षें शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. 'माझी आई' हा निबंध दरवर्षीं घालावाच लागे, आणि दरवर्षीं चाळीस वह्यांत एकच आई भेटे. ती प्रेमळ असे, कष्टाळू असे, वात्सल्यसिंधु तर असेच असे. पुढें मीं प्रश्न बदलला. "आज तूं शाळेला निघालास तेव्हां आईच्या हातांत काय होतें, तेवढें लिही." वर्ग पहिल्यांदा गोंधळला. मग एकानें लिहिलें कीं, आईच्या हातांत माझाच सदरा होता, ती गुंडी लावीत होती, आणि सुई तोंडांत धरल्यामुळें रागावतां येत नव्हतें. तो मुलगा गणितांत कच्चा आणि शुद्धलेखनांत त्याहून कच्चा. पण त्या दिवशीं वर्गांत लेखक कोण हें सर्वांस कळलें. प्रेम, कष्ट, वात्सल्य हे शब्द कोशांत मिळतात. तोंडांत धरलेली सुई घरांतच मिळते.

आपल्या वऱ्हाडांतच पाहा. कवि 'बी', म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, यांचा जन्म सन १८७२ मध्यें मलकापुरास झाला. आयुष्य सरकारी कचेरींतल्या कारकुनींत गेलें. त्यांची 'माझी कन्या' ही कविता ठाऊक नाहीं असें शिकलेलें मराठी घर एके काळीं विरळा. श्रीमंतांच्या मुलींनीं गरिबीवरून हिणविलें म्हणून रडत आलेली लेक, आणि तिची समजूत घालणारा बाप. समजूत घालतां घालतां बापाचेंच मन कुठल्या कुठें जातें, आणि जगांतल्या या विषमतेचा जाब देवालाच विचारावा असें त्यास वाटूं लागतें. कारकुनाच्या ओसरीवर, रडणाऱ्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवितांना एवढा प्रश्न उभा राहतो! 'फुलांची ओंजळ' हा त्यांचा संग्रह निघाला सन १९३४ मध्यें, म्हणजे वयाची साठी उलटल्यावर. ज्यांस घाई झाली आहे त्यांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

त्याच सन १९३४ मध्यें लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. घरसंसारांतून वाङ्मय कसें निघतें याचें याहून मोठें उदाहरण मराठींत मला ठाऊक नाहीं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. शाळा अशी नाहींच. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. मोठा कवि, मनाचा उदार, आणि संसारास अगदीं निरुपयोगी. केव्हां घर सोडून जाईल, केव्हां घरांतलें उचलून कोणास देऊन टाकील, याचा नेम नाहीं. सन १८९५ मध्यें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार उभा चिरला गेला. पुढें कांहीं वर्षांनीं बाई स्वतःच्या विचारानें त्यांच्याकडे परत गेल्या. टिळक १९१९ मध्यें वारले. मुलगा देवदत्त यास वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून आईनें आठवणी सांगाव्या, लिहून द्याव्या, अशी मूळ गोष्ट. निघालें तें मात्र आईचेंच चरित्र, आणि चरित्राचा विषय असलेल्या थोर पुरुषाहून लिहिणारीच अधिक जवळची वाटूं लागली.

त्यांत काय आहे? वडिलांचें सोवळ्याचें वेड आहे, त्यापायीं घरादाराची झालेली तारांबळ आहे, भांडणें, उपास, माहेरचें प्रेम, सासरचा जाच, आणि या सर्वांवर पसरलेलें निर्मळ हंसूं. बाई कोठेंही तक्रारीचा सूर काढीत नाहींत आणि कोठेंही झांकपाक करीत नाहींत. ही दुहेरी कसरत फार कठीण. पुष्कळांच्या आठवणी एक तर फिर्याद होतात, नाहीं तर आरती.

पण आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीं तर 'घर हीच पाठशाळा' असें गोड बोलून मोकळें होण्यासारखें होईल. घरांत विषय मुबलक आहेत हें खरें. परंतु ते ज्यांच्या हाताखालून जातात त्यांच्याच वाट्यास कागद आणि वेळ येत नाहीं. बहिणाबाई चौधरींस तर लिहितांच येत नव्हतें. असोद्याचें माहेर, जळगांवचें सासर, तिशीच्या सुमारास वैधव्य, शेताची आणि घराची राबणूक. या सगळ्यांतून त्यांचीं गाणीं आलीं. चिरंजीव सोपानदेव स्वतः कवि होते, त्यांनीं व त्यांच्या मावसभावानें कांहीं टिपून ठेविलीं, म्हणून तेवढीं राहिलीं. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजीं वारल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें १९५२ मध्यें पुस्तक निघालें. आज जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे. मुलगा कवि नसता तर?

ज्यांचे मुलगे कवि नव्हते अशा बायका किती झाल्या असतील? माझ्या लहानपणीं आमच्या घरीं जातें होतें. पहांटे मातोश्री दळावयास बसत आणि ओव्या म्हणत. आम्ही भावंडें गोधडींत पडून ऐकत असूं. पुढें गांवांत गिरणी आली. दळणाचे कष्ट गेले, फार बरें झालें. त्या कष्टांचें कौतुक करणें हें ज्यांनीं कधीं दळलें नाहीं त्यांचेंच काम. पण जात्याबरोबर ओवीही थांबली, कारण ओवीस बसावयास दुसरी जागा नव्हती. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या नांवानें ओव्या गोळा केल्या. नंतर हेमा राईरकर आणि गी पोईतवें यांनीं खेड्यापाड्यांत फिरून लाखावर ओव्या जमविल्या. एवढ्या प्रयत्नांतूनही जें निसटलें त्याचा हिशेब कोण करणार?

पुरुषांच्या लेखनाची गोष्ट निराळी असते. टॉलस्टॉयसारख्या जगप्रसिद्ध कादंबरीकाराच्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती त्याची पत्नी सोफिया पुनःपुन्हा करीत असे, मुलेंबाळें सांभाळून. उलट इंग्लंडांत जेन ऑस्टेन ही बाई घरच्या बैठकीच्या खोलींत लिहीत असे. तिच्या पुतण्यानें लिहून ठेविलें आहे कीं, त्या घरांतलें एक दार उघडतांना करकरत असे आणि तें दुरुस्त करूं नये असें तिचें सांगणें असे. कारण कोणी आलें कीं आवाज होई आणि तिला कागद लपवितां येत. ही गोष्ट वाचली म्हणजे मला हंसूं येत नाहीं. आपल्या घरांत अशीं करकरणारीं दारें किती आहेत, हें गृहस्थांनीं एकदां पाहावें. नवरा लिहावयास बसला म्हणजे पोरांस गप्प केलें जातें आणि चहा न मागतां येतो. बायको वही घेऊन बसली म्हणजे "कांहीं हरवलें आहे का?" असें विचारलें जातें.

आणखी एक अडचण आहे, ती वेळेहूनही अवघड. घरांतलें लिहावें, पण किती? माझी पत्नी वारल्यास आतां चार वर्षें होतील. शेवटचे सहा महिने ती अंथरुणावर होती आणि तिचें सर्व सूनबाईनें केलें. दोघींचें एरवीं फार सख्य होतें असें मी म्हणणार नाहीं. लोणच्याच्या बरणीस कोणीं हात लावावयाचा यावरून आमच्या घरीं महिनोन् महिने अबोला चालला आहे. गेल्या दिवाळींत सूनबाईनें सासूवर आठ-दहा पानें लिहिलीं आणि भीत भीत माझ्या हातीं दिलीं. त्यांत बरणी होती, अबोला होता, आणि शेवटीं शेवटीं सासूनें तिला जवळ बोलावून मिठाचें व मोहरीचें प्रमाण हातावर बोटें मोजून सांगितलें, तेंही होतें. मीं तीं पानें दोनदां वाचलीं. नंतर माझ्या वडील भगिनींनीं वाचलीं आणि त्या संतापल्या. "गेलेल्या माणसाचीं लक्तरें वेशीवर टांगायचीं का? लोक काय म्हणतील?" घरांत दोन दिवस कोणी धड बोलेना.

अक्कांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. जें माणूस उत्तर देऊं शकत नाहीं त्याच्याविषयीं लिहितांना हात आवरावाच लागतो. आणि जिवंत माणसाच्या झांकल्या दुःखावर आपली कीर्ति उभारणें हा मला नीचपणा वाटतो. पण बरणीचें भांडण गाळून सासूचें नुसतें गुणगान केलें असतें तर तें प्रमाण बोटांवर मोजण्याचें मोल कोणास कळलें असतें? मीं अक्कांस एवढेंच विचारलें कीं, यांत खोटें काय आहे तें दाखव. त्यांनीं पानें पुन्हा मागितलीं. चष्मा लावून दुपारभर वाचीत बसल्या. संध्याकाळीं सूनबाईस हांक मारून म्हणाल्या, "मोहरी तिनें अडीच वाटी सांगितली असणार, तूं दीड लिहिली आहेस. ती आमच्या आईची मोजणी आहे, ती तरी नीट लिही."

सूनबाईनें दुरुस्ती केली. आतां अक्काच तिला अधूनमधून जुन्या गोष्टी सांगत असतात, पोळ्या लाटतां लाटतां, आणि मध्येंच थांबून, "हें लिहूं नकोस हां," असेंही बजावतात. वही स्वयंपाकघरांत पिठाच्या डब्यावर असते. तिच्यावर तेलाचे डाग आहेत, एका पानावर नातवानें आगगाडी काढली आहे. तिनें निराळी खोली मागितलेली नाहीं. फक्त दुपारीं दोन ते तीन दाराची घंटा वाजली तर ती उठणार नाहीं, असें सर्वांस सांगून टाकलें आहे. त्या वेळीं दार उघडण्याचें काम सध्यां माझ्याकडे आहे.