अकाल प्रसूती आधीं ओळखतां येते काय ?

सातव्या महिन्यांत जन्मलेलें मूल वांचतें, पण आठव्यांतलें वांचत नाहीं, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे कीं, सुशिक्षित मंडळीहि ती तपासून पाहण्याच्या भरीस पडत नाहींत. तिचें मूळ जुनें आहे. आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें, तें मातेकडून गर्भाकडे व गर्भाकडून मातेकडे येत-जात असतें, म्हणून त्या महिन्यांतील जन्म घातक, असें चरकानें सांगितलें आहे; सुश्रुताचा अभिप्रायहि तोच. प्राचीन ग्रीक वैद्यांनाहि आठमाशी बालकाचें असेंच भय वाटे. ग्रंथकारांविषयीं पूर्ण आदर बाळगून म्हणावें लागतें कीं, प्रत्यक्ष अनुभव याच्या उलट आहे. गर्भाशयांत काढलेला प्रत्येक आठवडा मुलाचें बळ वाढवितो. तिसाव्या आठवड्यांत जन्मलेल्या बालकापेक्षां चौतिसाव्यांतील बालक वांचण्याचा संभव पुष्कळच अधिक.

सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वीं जी प्रसूती होते तिला वैद्यकांत अकाल प्रसूती म्हणतात. सन २०२० मध्यें जगांत सुमारें १ कोटी ३४ लक्ष बालकें अशीं अकालीं जन्मलीं, आणि त्यांतील ३० लक्षांहून अधिक एकट्या भारतांत. तेव्हां हा प्रश्न कोणा परक्याचा नाहीं. ज्या घरांत चार सुना नांदतात, त्या घरांत तो केव्हांना केव्हां उंबरठ्यावर येणारच.

मग तो येण्यापूर्वीं त्याची चाहूल लागते काय ? पहिली गोष्ट म्हणजे महिने नीट मोजतां आले पाहिजेत. आणि नेमकें येथेंच आपलें बिनसतें. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात; म्हणजे इंग्रजी नऊ महिने आणि वर सुमारें सात दिवस. आपल्या बायकांचे 'नऊ महिने नऊ दिवस' ऐकावयास याच्या अगदीं जवळचे वाटतात. पण तिथीनें धरलेला चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून तसे नऊ महिने व नऊ दिवस सुमारें २७५ च दिवस भरतात. हा फरक एक वेळ चालेल. अधिक मास मात्र मोठा घोटाळा करतो.

आमच्या शिरपूर जैन येथील एका ओळखीच्या घरीं सन २०२३ मध्यें असेंच घडलें. त्या वर्षीं श्रावण अधिक होता. सूनबाईंची शेवटची पाळी मार्गशीर्ष शुद्ध पंचमीची. नागपंचमीला पोट दुखूं लागलें, तशी आजीबाईंनीं बोटांवर पौष, माघ, फाल्गुन असें मोजलें, श्रावणापर्यंत आठच महिने भरले, आणि त्यांच्या तोंडचें पाणी पळालें. "आठमाशी होणार ग बाई !" म्हणून त्यांनीं पोरीला आडवें निजविलें, आणि दवाखान्याचें नांव काढूं देईनात. सुदैवानें तिसऱ्या महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीचा कागद कपाटांत होता. त्याप्रमाणें त्या दिवशीं बरोबर अडतीस आठवडे पुरे झाले होते. मधला अधिक श्रावण मोजावयाचाच राहिला होता ! मुलगी पूर्ण दिवसांची व ठणठणीत झाली. पण हीच चूक दुसऱ्या दिशेनेंहि होते, आणि तेव्हां खरोखरच अकालीं येणाऱ्या कळा 'दिवस भरले असतील' म्हणून सुखानें सोसल्या जातात.

यास्तव पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीला मोठें मोल आहे. त्या वेळीं गर्भाची लांबी मोजून काढलेल्या वयांत पांच-सात दिवसांपेक्षां अधिक फरक सहसा पडत नाहीं; पुढें पुढें मुलांमुलांत तफावत पडत गेल्यानें अंदाज सैल होतो. (त्या यंत्रानें मुलगा कीं मुलगी हें विचारणें व सांगणें कायद्यानें गुन्हा आहे, सभ्य घरांत तो प्रश्न निघूंच नये.)

आतां धोक्याच्या खुणा. त्यांत सर्वांत बोलकी खूण म्हणजे मागील इतिहास. जिला एकदां अकाल प्रसूती झाली, तिला पुन्हां तशी होण्याचा संभव इतरांहून स्पष्टपणें अधिक असतो. ही साधी गोष्ट ओळखून तिच्यावर उपाय शोधणारा पुरुष आपल्याच भाषेच्या मुलखांतला होता, हें फार थोड्या वाचकांस ठाऊक असेल. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ सालीं गोव्यांतील शिरोडें गांवीं झाला. मुंबईस त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास केला व तेथेंच स्त्रीरोगांचे शल्यवैद्य म्हणून नांव मिळविलें. कांहीं स्त्रियांचा गर्भ चौथ्या महिन्यानंतर, फारशा कळा न येतां, पुन्हां पुन्हां पडे. दोष गर्भांत नसे. गर्भाशयाचें मुखच दुबळें असून भाराबरोबर अवेळीं उघडे. शिरोडकरांनीं त्या स्त्रीच्याच मांडींतील चिवट पडद्याची एक पट्टी काढून ती मुखाभोंवतीं, आंतल्या बाजूस उंचावर, थैलीच्या तोंडाला नाडी बांधावी तशी बांधली. ही रीत त्यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनीं मेलबर्नच्या मॅकडोनल्ड यांनीं तिचा सोपा प्रकार काढला. डॉ. शिरोडकर १९७१ सालीं वारले, तरी जगभरच्या प्रसूतिगृहांत 'शिरोडकर टांका' हा शब्द आजहि चालतो. आपण शाळेंत मुलांना वाफेचें यंत्र कोणी काढलें हें घोकवितों, आणि हें नांव सांगावयाचें विसरतों.

शिरोडकरांना जें हातानें चाचपून कळे तें आतां सोनोग्राफीनें मोजतां येतें. साधारण अठरा ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान आंतून केलेल्या तपासणींत गर्भाशयाच्या मुखाची लांबी पंचवीस मिलिमीटरपेक्षां कमी भरली, तर सावध व्हावें. लांबी जितकी कमी तितका धोका अधिक, हें अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत १९९६ सालीं दिसून आलें. अशा स्त्रीस डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या योनिमार्गें ठेवावयास देतात, अथवा पूर्वेतिहास असल्यास टांका घालतात. जुळें असणें, रक्तदाब चढणें, रक्त कमी असणें, लघवींतील जंतुदोष, दोन बाळंतपणांत अगदीं थोडें अंतर, अल्पवयांतील गर्भारपण आणि तंबाखू-मिश्री याहि खुणा आहेतच. मिश्रीविषयीं आमच्या म्हाताऱ्या मंडळींचे कान मुद्दाम उपटावेसे वाटतात.

तथापि हें भविष्य पंचांगांतील ग्रहणासारखें नेमकें नव्हे. मुख आंखूड असूनहि पुष्कळ स्त्रियांचे दिवस पुरे भरतात. आणि अकालीं प्रसूत होणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना पूर्वीं तसा प्रसंग आलेलाच नसतो. म्हणून नुसत्या खुणा न शोधतां सर्वांनाच देतां येईल असा उपाय आहे काय, हेंहि पाहिलें गेलें. त्या प्रयत्नांत सहा देशांपैकीं भारतांतून नागपूर व बेळगांव हीं दोन केंद्रें होतीं. पहिलटकरणींना सहाव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यान अल्प प्रमाणांत ॲस्पिरिन रोज सुरू केलें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, ज्यांना औषध नव्हतें त्यांच्यांत अकाल प्रसूतींचें प्रमाण शेंकडा १३.१ होतें, तें औषध घेणाऱ्यांत ११.६ वर आलें. लाभ लहान, पण गोळी पैशा-दोन पैशांची. अर्थात् ती डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून कोणी घेऊं नये.

घरांतील वडील मंडळी मात्र एकच उपाय जाणतात : "हलूं नकोस, पडून राहा." महिनोन्‌महिने अंथरुणावर खिळून राहिल्यानें अकाल प्रसूती टळते असें सिद्ध झालेलें नाहीं, उलट पायांत रक्ताच्या गांठी होण्याचें भय वाढतें. पाण्याच्या घागरी उचलूं नयेत हें ठीक, पण अंगणांत फिरण्यास बंदी कशास ?

खरी धांवपळ करावयाची ती वेगळ्याच वेळीं. सदतीस आठवड्यांच्या आंत पोट ठरावीक अंतरानें घट्ट होऊं लागलें, कंबर भरून आली, ओटींत खालीं दाब वाटूं लागला, पाणी गेलें अथवा रक्त दिसलें, तर ओवा-बडीशेप चावीत सकाळची वाट पाहूं नये. कारण त्या घटकेस एक मोठें औषध हातीं असतें. न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाउवी यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनीं अकालीं येणाऱ्या बालकाचीं फुप्फुसें श्वासास लौकर सिद्ध होतात. आपल्याकडे डेक्सामेथासोनचीं चार इंजेक्शनें बारा-बारा तासांनीं देतात, तीं चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यांच्या दरम्यान. त्यांचा पूर्ण गुण येण्यास सुमारें एक दिवस लागतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणें मोठ्या रुग्णालयाकडे धाडण्यापूर्वीं पहिली मात्रा आरोग्यसेविकाहि देऊं शकते. तेव्हां शिरपुराहून वाशीमची वाट धरण्यापूर्वीं तिला गांठलें, तर वाटेंतला वेळहि कामीं लागतो. गाडीसाठीं १०८ हा क्रमांक आहे.

सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी २०१६ पासून चालू आहे. आशासेविकेला विचारल्यास ती जवळचें ठिकाण सांगते. त्या दिवशीं जातांना मागील बाळंतपणांची हकीकत सासूबाईंनीं स्वतः सांगावी, कारण नवी सून लाजून गर्भपाताची गोष्ट लपविते. आणि शेवटच्या पाळीची तारीख घरच्या दिनदर्शिकेंत शाईनें, इंग्रजी महिन्यासकट, लिहून ठेवावी.